बिनचिठ्ठीचा डोळा

गिरिजाबाई परचुरे कृत्रिम डोळे तयार करतात. वडील रेल्वेत असल्यामुळे साताऱ्याचे हे कुटुंब बदलीने जयपुरास आले आणि येथेच राहिले. बाई अविवाहित. एका रुग्णालयातील नोकरी सोडून गेली चौदा वर्षे विद्याधर नगरमधील आपल्या घरीच त्या स्वतंत्रपणे काम करीत आहेत. मी तेव्हापासूनचा त्यांचा शेजारी, वाणिज्य महाविद्यालयात कंपनी कायदा शिकवीत असे. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीच्यांचे अर्ज तपासून देतो, तेवढाच काय तो माझा या हकिकतीशी संबंध.

त्यांची पद्धत ठरलेली. रुग्णाला उत्तरेच्या खिडकीशी बसवायचे, त्याच्या शाबूत डोळ्याकडे पाहत दुसऱ्याचे बुबुळ रंगवायचे, पांढऱ्या भागावर लाल रेशमाचे तंतू शिरांसारखे चिकटवायचे. प्रत्येक डोळ्याचा एक जादा नमुना रुग्णाच्या नावाची चिठ्ठी लावून त्या खणात ठेवतात. मुले वाढतात, त्यांना डोळा बदलून द्यावा लागतो. शेवटच्या खणात मात्र बिनचिठ्ठीचे डोळे असत. काम नसेल तेव्हा, हात सरावात राहावा म्हणून, समोर कोणी नसताना रंगवलेले.

गेल्या वर्षी एका मोठ्या रुग्णालयाने त्यांना कळवले, की यापुढे कंपनीच्या नावानेच काम देता येईल. त्या माझ्याकडे आल्या. मी दोन्ही मार्ग समजावले. आज आहे तसे एकल स्वामित्व ठेवले, तर धंदा आणि माणूस कायद्याने एकच. एक व्यक्ती कंपनी काढली, तर ती कायद्याच्या दृष्टीने निराळी व्यक्ती. मालकाची जबाबदारी मर्यादित, आणि मालकामागे ती चालवणारा एक वारस आधीच नेमून त्याची लेखी संमती घ्यावी लागते.

"म्हणजे माझ्या हाताने केलेल्या कामाचा जाब कंपनीला?" त्यांनी विचारले.

"कर्जाचा. तुमचे घर सुरक्षित राहते."

"मी कर्जाचं विचारत नाही, सर."

मग त्यांनी सांगितले. शेवटच्या खणातला एक डोळा संक्रांतीनंतर जवळच्या चौमूं गावातल्या एका मुलीला बसला. पतंगाच्या मांजाने तिचा डोळा गेला होता. रंगात तसूभर फरक नव्हता. दुसरा रेल्वेतल्या गुलाबराव फिटरांना बसला. दोन्ही डोळे, अपघात होण्याच्या कितीतरी आधी रंगवलेले.

"योगायोग," मी म्हणालो.

"मीही दोन वेळा तेच म्हटलं." त्यांनी रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "काढा कंपनी. हे सगळं माझ्यापासून थोडं लांब होऊ द्या."

वारस म्हणून त्यांनी भावाचा मुलगा कौशिक याचे नाव सुचवले. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, झालान्यातील एका कार्यालयात नोकरीस आहे. एका रविवारी सकाळी तो सहीसाठी आला. खण उघडून पाहू लागला.

"आत्या, मतलब तू गेल्यावर हे सगळे माझ्याकडे टकामका बघत बसणार? रात्री पाणी प्यायला उठायची चोरी!"

"तुझ्याकडे बघून त्यांनाच कंटाळा येईल. सही कर."

तो प्रकाशासाठी खिडकीशी वाकला. त्याच्या डाव्या बुबुळात, घड्याळात पाचचा आकडा असतो त्या जागी, काळपट ठिपका होता. बाईंचा चेहरा उतरलेला मी पाहिला. त्यांनी त्याच्या हातून पेन काढून घेतले आणि त्याला कोपऱ्यावरून कचोऱ्या आणायला पिटाळले.

तो गेल्यावर त्यांनी शेवटच्या खणातून एक डोळा काढून माझ्यापुढे ठेवला. तोच तपकिरी रंग. पाचच्या जागी तोच ठिपका.

"होळीच्या आधी केलाय. सर, एकच सांगा, आणि नीट सांगा. कंपनी केली, तर याचा जाब माझ्यावरून टळेल का?"

हा प्रश्न कायद्याचा नव्हता; परंतु मला उत्तर कायद्याचेच येत होते. "नाही. स्वतःच्या हातून घडलेल्या कृतीचा जाब माणसाकडेच राहतो. कंपनी तिथे आड येत नाही."

"मग आडोसा कशाला? राहू द्या माझंच नाव. यायचं ते माझ्या नावावर येऊ दे, त्याच्या नको."

त्यांनी डोळे घासायचे चाक सुरू केले आणि तो डोळा त्यावर धरला. ठिपका गेला, बुबुळ गेले, रेशीम गेले. संरक्षक चष्मा खुंटीवरच होता. मध्येच एकदा त्यांनी मनगटाने डावा डोळा पुसला. मी ते पाहिले आणि बोललो नाही. या चुकीची नोंद येथे करणे मला आवश्यक वाटते.

कौशिक परतला तेव्हा अर्ज फाडलेला होता. "एवढ्या लांबून सहीसाठी आलो, आत्या!"

"कचोरीसाठी आलास असं समज."

रुग्णालयाचे काम गेले. बाईंच्या डोळ्यात कण शिरला होता. जखम चिघळली, आणि पाचव्या आठवड्यात डॉक्टरांना डावा डोळा काढावा लागला. कौशिकचे दोन्ही डोळे ठणठणीत आहेत.

स्वतःचा डोळा त्यांनी स्वतःच केला. उजव्यावरून रंग मिळाला, परंतु डाव्यात काही निराळे होते की काय, हे त्यांना आठवेना. म्हणून त्यांनी कौशिकला खिडकीशी बसवले. घराण्याचे डोळे सारखे, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांच्यापुढे आरसा धरून बसलो होतो.

"आत्या, हा ठिपका तुझ्यात होता?"

"हलू नकोस. दुसऱ्यांचे डोळे बघण्यात जन्म गेला रे, माझा कधी एवढा निरखलाच नाही." मग मला म्हणाल्या, "सर, तुमचं लक्ष बारीक. होता का?"

मी आठवू लागलो. चौदा वर्षे ज्यांच्याशी समोरासमोर बसून बोललो, त्या बाईंचा डावा डोळा मनापुढे आणू लागलो. तो ठिपक्यासकट दिसला, आणि मी चाकावर झिजत गेलेला तो बिनचिठ्ठीचा डोळा प्रथमच नीट ओळखला.

तोंड उघडणार, तोच आरशाच्या कडेवरून त्यांचा हात दिसला. पाचच्या जागी ब्रश आधीच टेकलेला होता.