पाडा की हॅम्लेट

“भाऊ, दोन बाया शेतस, एक नही! एक वरला पाडानी, एक खालना पाडानी!” वहिनी फोनवर ओरडत होती.

माझी वहिनी अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या एका उपकेंद्रात नर्स आहे. गरोदर बायांची नोंद ती मोबाइलवरच्या ॲपमध्ये करते. ॲप ओपन सोर्स, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला. कुणीही दुरुस्ती करून पाठवावी. त्या दुरुस्तीला पॅच म्हणतात. मी शहाद्यात घरी बसून एका कंपनीचं काम करतो आणि उरल्या वेळात या ॲपला फुकट पॅच पाठवतो.

भानगड अशी होती. सुनीता दिलीप वसावे नावाच्या दोन बाया, एकाच गावच्या. नाव, नवरा, गाव सारखं दिसलं की ॲप विचारायचं, ‘एकच व्यक्ती का?’ वहिनी ‘नाही’ दाबायची. येऊ घातलेल्या नव्या आवृत्तीत, म्हणजे रिलीजमध्ये, हा प्रश्नच काढून टाकला होता. ॲप परस्पर दोघींची एकच नोंद करणार. ट्रायल व्हर्जनमध्ये वहिनीने ते पाहिलं आणि मला फोन लावला. वरच्या पाड्याच्या सुनीताला आठवा लागलेला, बीपी चढत होतं. यादीतून ती गळली तर तिला तपासणार कोण?

“काळजी करू नको, रिलीजच्या आत करून टाकतो,” मी म्हणालो.

एका दिवसात पॅच लिहिला: पाडाही जुळला तरच एक करा. कुठला पॅच आत घ्यायचा हे मेंटेनर ठरवतो. आमचा मेंटेनर केदार, पुण्याचा. त्याचा फोन आला.

“पाडा म्हणजे वॉर्ड ना?”

“वॉर्ड कसला! गाव एकच, पण दोन पाड्यांच्या मध्ये अख्खा डोंगर आहे.”

“मग कोडमध्ये ‘हॅम्लेट’ लिहा, इंग्रजीत छोट्या वस्तीला तेच म्हणतात. ‘पाडा’ बाहेरच्यांना कळणार नाही.”

माझं डोकंच फिरलं. अरे, आमच्याकडे हॅम्लेटमध्ये कोण राहतं? मी लांबलचक उत्तर लिहिलं, त्याने त्याहून लांब. दुरुस्ती बरोबर आहे हे त्याला पहिल्याच दिवशी मान्य होतं, तरी एका शब्दावरून आम्ही चार दिवस भांडलो. पाचव्या दिवशी फ्रीझ लागला, म्हणजे रिलीजपर्यंत कोडला हात लावायचा नाही. घाबरून मी ‘हॅम्लेट’ लिहून पाठवलं.

“आता पुढच्या रिलीजला,” केदार म्हणाला.

“अहो, बाई आठव्या महिन्यात आहे!”

“नियम सगळ्यांना सारखा. अडून तुम्ही बसलात.”

खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. पॅच लागला नाही हे वहिनीला सांगायची मला लाज वाटली. आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिलो.

रिलीज आला. त्याच आठवड्यात वहिनीला ट्रेनिंगला पाठवलं. माझ्या शब्दावर ती निर्धास्त गेली. तिच्या जागी आलेल्या नर्सच्या यादीत सुनीता एकच होती, खालच्या पाड्याची. तिला तपासून नर्स परतली. दोन दिवसांनी वरच्या सुनीताला बीपी वाढून घरीच झटके आले. झोळीतून खाली आणली. ती वाचली, बाळ गेलं.

“भाऊ, माले एक फोन करता उना नही का?” वहिनी एवढंच म्हणाली.

पुढच्या रिलीजमध्ये माझा पॅच लागला, ‘हॅम्लेट’ नावानेच. आभाराच्या यादीत माझंही नाव आहे. शब्दावरून भांडायला रिलीजनंतर भरपूर वेळ असतो. आणि पॅच लागला नाही, तर ज्याचं काम अडणार त्याला त्याच दिवशी सांगायचं. एवढं सांगायला कोड लिहिता यावा लागत नाही.