कंपनीची नक्षी

मी भांड्यांवर नावं घालतो. कसब्यात एका भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर बसतो, हातात मशीन, दिवसभर टर्र टर्र. शाळेत दुसरीपर्यंत गेलो, तेही सुकडी मिळायची म्हणून. वाचता धड येत नाही. गिऱ्हाईक चिठ्ठीवर जे लिहून देईल ते चित्र काढल्यासारखं उतरवतो. एका लग्नाच्या ताटावर मी नवरानवरीच्या नावाखाली 'दोन डझन, सोमवारी नेणार' हेपण कोरलेलं आहे.

असल्या माणसाला जाणकार म्हणून कुणी बोलवावं का? बोलवलं. आणि मी गेलो, ही लाजेची गोष्ट.

सदाशिव पेठेतल्या एक काकू माझ्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांचे यजमान वारले. काकांकडं लायसनचं जुनं विलायती रिव्हॉल्व्हर होतं, चांदीसारखं चकचकीत, अंगभर वेलबुट्टी. काका गेल्यावर कायद्याप्रमाणं ते कँपातल्या एका बंदुकीच्या दुकानात जमा केलेलं. काका दर कार्यात सांगायचे, "ही नक्षी कंपनीतनंच आलीय बरं का." आणि दर कार्यात त्यांचा धाकटा भाऊ मागनं डोळा मारायचा. घरात काकांचं नाव थापाड्या पडलेलं.

आता जुन्या हत्यारांचा एक शौकीन ते घ्यायला तयार होता, लायसनवाला. नक्षी कंपनीची असेल तर किंमत कितीतरी पट. मागनं बाजारात कुणाकडनं कोरून घेतली असेल तर साध्याचा भाव. पण काकूंना पैशाचं पडलेलंच नव्हतं. मला म्हणाल्या, "अहो, तुमचा हात कोरण्यातला. एकदा बघा आणि सांगा, आमचे हे खरं बोलत होते का."

दुकानात मालक, काकू आणि तो डोळा मारणारा दीर. मालकानं हत्यार रिकामं असल्याची खात्री करून फडक्यावर ठेवलं, मला भिंग दिलं. भिंगात आधी माझंच नख दिसलं, काळं. मग वेल. वेल झकास होती, पण दोन पानं सारखी नव्हती. एक गुबगुबीत, एक रोड. एका वळणावर तर कोरणी चक्क घसरलेली. ती बघून मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं, माझी रोज घसरते. झालं, डोक्यात पक्कं बसलं. कंपनी म्हणजे मशीन. हातानं केलंय, म्हणजे इथंच कुणीतरी केलंय.

मालक म्हणाला, "रेघेच्या आत बघा. हा चकचकीत निकेलचा मुलामा आतपर्यंत आहे. मागनं कोरलं असतं तर निकेल कापलं गेलं असतं, आतलं पोलाद दिसलं असतं. मी कंपनीला नंबर कळवलाय, त्यांच्या जुन्या वहीत नोंद सापडेल. पत्र येईपर्यंत थांबा."

मी जन्मभर तयार, पॉलिश केलेल्या भांड्यावरच नाव घातलेलं. आधी कोरायचं आणि मग निकेल चढवायचं, हे माझ्या डोक्यात शिरेचना. म्हणलं, "छे हो, कोरून झाल्यावर परत प्लेटिंगला टाकलं असणार. आमच्या गल्लीत करून देतात." इथं गप बसलो असतो तरी निभावलं असतं. पण दीर हसला, आणि कुणी हसलं की मला चेव चढतोच. म्हणलं, "काकू, हे काम माझ्याच खानदानातलं! काकांनी बोहारणीला दोन पँटी देऊन घेतलं असेल!"

दीर काउंटरवर हात आपटून हसला. काकूपण हसल्या, थोडं. मग मालकाला म्हणाल्या, "पत्राची कशाला वाट बघायची? साध्या भावात देऊन टाका."

चारेक महिन्यांनी मालक माझ्या पायरीपाशी आला. पत्र आलं होतं. नंबर जुळला. कारखान्यातच नक्षी करून, वर निकेल चढवून पाठवलेलं, असं वहीत होतं. त्या काळी तिथंसुद्धा माणसंच बसायची म्हणे, कोरणी घेऊन.

"घसरलेला हात बरोबर ओळखलात," मालक म्हणाला. "फक्त तो कुठं बसला होता, तेवढं चुकलं."

पत्र ठेवून घेतलं, काकूंना मीच सांगतो म्हणालो, आणि तीन दिवस गेलोच नाही. चौथ्या दिवशी गेलो. दारातच सांगून टाकलं, "काकू, काका खरं बोलत होते." त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"पैशाचं सोडा," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी घरी आल्या आल्या मी ह्यांच्या फोटोला म्हटलं होतं, निदान मला तरी फसवायचं नव्हतं."

कसंबसं म्हणलं, "काकू, मी गाढव आहे."

"ते ठाऊक आहे. विचारायला गेले ही माझी चूक. बसा."

बसलो. त्यांनी दिराला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि मोबाईल माझ्यापुढं धरला. "सांगा. दुकानात बोललात तेवढ्याच मोठ्यानं."

मी सांगितलं. नक्षी कंपनीची होती. काका खरे होते. मी चुकलो. पलीकडून दीर नुसतं "बरं, बरं" म्हणाला. एवढ्यात त्याच्या घरात मागं कुकरची शिट्टी झाली.

"शिट्टीत ऐकू गेलं नसेल," काकू मला म्हणाल्या. "परत सांगा."

परत सांगितलं. फोन बंद झाल्यावर मी उठायला लागलो.

"कुठं निघालात? अजून दोन नणंदा आहेत," काकू म्हणाल्या, आणि चष्मा लावून नंबर शोधायला लागल्या.