फुफाजी बालगोपाळांत

आमच्या फुफाजींचं नाव वयाच्या बहात्तराव्या वर्षी लग्नपत्रिकेत लहान पोरांच्या ओळीत छापलं गेलं, यात माझी काहीही चूक नव्हती. हे मी आजवर सगळ्या नातेवाइकांना सांगून पाहिलं. एकानेही मान हलवली नाही.

फुफाजी म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, चोरखमाऱ्याच्या तलावाच्या बाजूला राहणारे निवृत्त मुख्याध्यापक. घरातले सगळ्यात मोठे जावई. आमच्याकडे मांडवाची पहिली मेढ मोठ्या जावयाने रोवायची असते. तोवर मांडव नाही, अन् मांडव नाही तर नवरदेवाला हळद नाही! थोडक्यात, फुफाजी रुसले की लग्न गेलं.

माझ्या धाकट्या भावाचं, मुकेशचं लग्न ठरलं. पत्रिकेची फाईल घरात तयारच होती. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या (म्हणजे संगणक आल्यापासून) एकच पत्रिका चालते. दर लग्नात फक्त नवरा-नवरी बदलतात. ही फाईल विंडोजच्या ऑफिसात बनवलेली. अन् मी नेमकं महिनाभर आधी घरच्या संगणकातून विंडोज हाकलून लिनक्स बसवलं होतं!

त्यालाही कारण होतं. जुन्या संगणकाचं बटण दाबून माणसाने चोरखमाऱ्याला जावं, मासोळ्या आणाव्या, साफ कराव्या, रस्सा करून जेवावं, तेव्हा कुठे पडद्यावर बाण दिसायचा. लिनक्स टाकलं अन् तोच डबा नागझिऱ्याच्या चितळासारखा उड्या मारू लागला. फुलचूरच्या आमच्या गल्लीत मी शास्त्रज्ञ झालो. (गल्लीला पत्ता नव्हता, पण झालो.)

"अजी, पत्रिका छापखान्यातच बनवू द्या ना," बायको म्हणाली.

"कायले? मी गणिताचा मास्तर आहो. घरात एवढं लिनक्स असताना?"

"म्हनूनच तं भेव लागून राहिला बाप्पा!"

मी आधी विंडोजचं ऑफिसच लिनक्सवर चालवायचं ठरवलं. त्यासाठी मधे एक दुभाष्या प्रोग्राम बसवावा लागतो. सासू-सुनेच्या मधे नवरा असतो तसा. तीन दिवस तो दुभाष्या अन् मी भांडलो. चौथ्या दिवशी ऑफिस उघडलं! फाईल दिसली! मी सगळ्यांना हाका मारल्या. सगळे धावत आले, मी 'सेव्ह' दाबलं, अन् खिडकीच गायब! परत उघडलं, परत गायब. नागझिऱ्याच्या वाघासारखं झालं. प्रत्येक वेळी मीच एकटा सांगत होतो, "आत्ता इथंच होता हो!"

मुकेश म्हणाला, "दादा, माझं लग्न ह्याच साली आहे ना?"

मग मी दुभाष्याला हाकललं अन् लिनक्ससोबत आलेलं मुक्त ऑफिस उघडलं. काय सांगू! फाईल फटदिशी उघडली, सेव्हही झाली. जुन्या फाईलमधला फॉन्ट माझ्याकडे नव्हता, तर त्याने न विचारता दुसरा, जरा सडपातळ फॉन्ट लावून दिला. किती समजदार! मी आनंदाने बायकोला व्याख्यान दिलं. "हे फुकट आहे म्हणून मोठं नाही. हे स्वतंत्र आहे! कोणीही घ्या, कोणीही बदला!"

"मंग त्याले भांडे घासाले बदलून द्या," ती म्हणाली.

मी नावं एकेक बसवली. मोठ्यांची यादी वर, तिच्या शेवटी एका स्वतंत्र ओळीत, ठळक अक्षरात फुफाजी (ही त्यांचीच जुनी अट). खाली फुग्यांच्या चौकटीत बालगोपाळांचं शीर्षक, अन् त्याखाली घरची पोरं, परी, चिकू, गोलू. सगळं रेषेत! फाईल घेऊन मी गोंदियाच्या छापखान्यात गेलो.

"सर, पीडीएफ नही है क्या?" छापखानेवाले भैयाजी म्हणाले. "इसमें तो अक्षर इधर-उधर हो जाता है."

"असली फाइल लो! हमको कुछ छुपाना नहीं है!"

"तो प्रूफ देख के जाओ."

"भैयाजी, गणित के मास्टर का काम है. सीधा छाप दो!"

(या वाक्यावर मी आजही घाम पुसतो.)

त्यांच्या संगणकात जुना फॉन्ट होता. तो लागला अन् अक्षरं अंग धरू लागली. यादी फुगली, अन् शेवटची एक ओळ खाली ढकलली गेली. फुग्यांची चौकट मात्र जागची हलली नाही. मला हे सगळं नंतर कळलं. म्हणजे पाचशे पत्रिका छापून झाल्यावर. म्हणजे फुफाजींच्या ओसरीवर!

पहिली पत्रिका देवाला, दुसरी फुफाजींना, अशी आमची रीत. देवाने वाचली नाही. फुफाजींनी वाचली. मोठ्याने, चष्मा लावून, स्वल्पविरामासकट. वरची यादी संपली तसा त्यांचा आवाज मंदावला. मग ते शीर्षकावर आले.

"'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं! तुमचेच चिमुकले...' श्री. टेकचंदजी, निवृत्त मुख्याध्यापक. परी. चिकू. गोलू."

ओसरीवरची कोंबडीसुद्धा थांबली.

"काऊन रे मास्तर," फुफाजी शांतपणे म्हणाले, "मी कोनाच्या काकाच्या लग्नाले बोलावून राहिलो?"

"फुफाजी, ते... फॉन्ट... लिनक्समधे..."

"कोनता लिनक्स? कोन्या गावचा? आन त्याले समोर!"

आत्या पदर तोंडात कोंबून आत पळाली. आतून भांडी पडल्याचा आवाज आला. मी पाय धरले, नवीन पत्रिका छापतो म्हणालो.

"नोको. मांडवाची मेढ लहान पोरं रोवत नाहीत. जाय."

घरी मुकेश कॅलेंडर काढून लग्नाचे दिवस मोजू लागला. बाबांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं अन् संगणकाकडे पाहिलं. दोघांपैकी कोणाला विहिरीत टाकावं याचा विचार चालला असावा. बायकोने मात्र फुफाजींना फोन लावला.

"फुफाजी, तुमी नाही आले तं हळद नाही लागत. मास्तरले काय शिक्षा द्याची ते मांडवात येऊन द्या."

पलीकडे आत्याशी काहीतरी कुजबुज झाली. मग आवाज आला, "येतो. पन पत्रिकेत जसा छापला, तसा येतो!"

अन् आले! डोक्यावर परीची गोंड्याची टोपी, हातात फुगा! सगळी वऱ्हाडी मंडळी उठून उभी. खड्ड्याशी येऊन त्यांनी मेढ रोवली अन् माझ्याकडे दोन्ही हात पसरले.

"मी लहान आहो. मेढीवर आंब्याचा डहाळा बांधाले हात पुरत नाही. कडेवर घे!"

फुफाजी म्हणजे धानाचं भरलं पोतं, वर मिशा. मी उचललं. माझ्या पाठीतून जो आवाज आला तो सडक अर्जुनीपर्यंत गेला असेल! फुफाजींनी वर डहाळा बांधला, गाठ तपासली, आवडली नाही म्हणून सोडली, परत बांधली. मुकेशला हळद लागली. पुढे वरातीतही "पाय दुखून राहिले" म्हणत ते अर्धा रस्ता माझ्या पाठीवर होते, अन् पंगतीत त्यांनी पोरांसोबत सगळ्यात आधी बसून दोनदा जिलेबी वाढून घेतली. आत्या म्हणाली, एवढे खुश ते स्वतःच्या लग्नातही नव्हते.

गेल्या महिन्यात फुफाजींच्या नातीचं लग्न ठरलं. पत्रिका त्यांनी स्वतः, छापखान्यात समोर बसून, प्रूफ तीनदा वाचून छापून घेतली. मोठ्यांच्या यादीत बाबा आहेत, मुकेशही आहे. माझं नाव फुग्यांच्या चौकटीखाली आहे, गोलूच्या नंतर.

मी ती फाईल मागवून घेतली. शाळेतल्या विंडोजमध्ये उघडली, दुभाष्या परत बसवून त्यातून उघडली, मुक्त ऑफिसात उघडली. नाव एक रेषभरही हललं नाही!