खरा निळा

मुरुमच्या शाळेत बिराजदार सरांनी एकतीस वर्षं चित्रकला शिकवली आणि एकाही पोराला दहापैकी दहा दिले नाहीत. मलाही नऊच. का म्हणून विचारलं की वर्गातल्या छापील चित्राकडे बोट करायचे. मांडीवर लेकरू घेतलेली आई, अंगावर निळं वस्त्र. "ह्यो निळा खोटा हाय. छापलेला, वर उनानं उडालेला. खरा फ्लॉरेन्सला हाय. त्यो बघितल्याबिगर मी कुणाला दहा देणार न्हाय." पुढं मोबाइल आले. मी त्यावर चित्र दाखवायला गेलो, तर तोही निळा खोटाच ठरला. असा हट्टी माणूस, आणि त्या हट्टाचा मला अजून राग आहे.

निवृत्तीनंतर त्यांच्या पुण्यातल्या लेकीनं, गायत्रीनं, सर आणि त्यांची बायको शांताक्का, दोघांना युरोपच्या सहलीला धाडलं. लिंगायत घर. इष्टलिंग जिवंतपणी अंगावेगळं करायचं नाही. विमानतळावर लिंग ठेवायची चांदीची डबी यंत्रात वाजेल म्हणून गायत्रीनं दोघांना लिंग साध्या कापडात बांधून गळ्यात घालायला लावलं. सगळीकडे ते बिनबोभाट पार झालं. फ्लॉरेन्सच्या सकाळी मात्र सरांनी पूजा आटोपली आणि बॅगेतून आजोबांची चांदीची डबी काढली. जन्मभर वाट बघितलेल्या ठिकाणी कापडाचा तुकडा बांधून कसं जायचं? लिंग डबीत ठेवून, ती गळ्यात घालून, कडक इस्त्रीचा सदरा चढवून, लग्नाला निघाल्यासारखे निघाले.

संग्रहालयाच्या दारात यंत्र वाजलं. पहारेकऱ्यानं डबी ट्रेमध्ये ठेवायची खूण केली. ट्रेमध्ये कुणाकुणाचे कमरेचे पट्टे पडले होते. सरांनी डबी मुठीत घट्ट धरली. मागं रांग खोळंबली. सहलीत उमरग्याचे व्यापारी वीरप्पा होते, ते खेकसले, "काढा की सर, दोन मिन्टांचं तर काम हाय!" ते स्वतःही लिंगायतच, पण त्यांचं लिंग उमरग्यात देव्हाऱ्यात होतं.

सर रांगेतून बाजूला झाले. शांताक्काला म्हणाले, "तू जा. निळा तेवढा नीट बघून ये."

लिंग मुठीत ठेवून नुसती डबी ट्रेमध्ये देता आली असती. हे त्यांना सुचलं ते दुपारी, बस शहराबाहेर पडल्यावर.

गावात परतल्यावर सत्कार झाला. परमुलखातही श्रद्धा ढळली नाही म्हणून शाल, नारळ, भाषणं. सर मान खाली घालून बसले होते. ज्यांनी उभ्या जन्मात एक चित्र धड बघितलं नाही, ती माणसं टाळ्या पिटत होती. मला तिथं बसवेना, मी उठून आलो.

मग सरांनी तेच चित्र काढायला घेतलं. रोज निळा कालवायचा आणि शांताक्काला हाक मारायची. "असा?" "थोडा गडद." "आता?" "आता जरा जास्त झाला." तीन महिने हेच. शेवटी एक दिवस ती म्हणाली, "ह्योच." सरांनी चित्राखाली पेन्सिलीनं दहापैकी दहा लिहिलं आणि मला बोलावणं धाडलं.

चहा आणायला मी स्वयंपाकघरात गेलो. म्हटलं, "अक्का, तुमच्या नजरेची कमाल आहे."

तिनं गॅस बारीक केला. "म्या बघितलंच न्हाय रं."

"म्हणजे?"

"ह्ये भाईर उनात हुबे. मग म्या काय बघू? म्या त्या चित्रापुढं गेले आन् डोळं मिटून बाकावर बसले. भाईर आल्यावर ह्येंनी पयलं तेच इचारलं. लई छान हाय, म्या म्हणले. मग ह्ये रोज इचाराय लागले. परवा ह्येंचा हात थरथराय लागला, म्हणून म्या ह्योच म्हणले." तिनं कप माझ्या हातात दिले. "सांगू नगंस."

त्या दोघांचा मला असा संताप आला की चहा बशीत सांडला. बाहेर सर चित्रासमोर खुर्ची टाकून बसले होते. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"कसा हाय निळा?"

"अगदी खरा आहे, सर."

"तुला काय कळतंय?" ते हसले. "तू कुठं बघितलास? हिनं बघितलाय."