डब्यातला शंख

आमच्या पवनीच्या शाळेतल्या प्रयोगशाळेचा शिपाई प्रत्येक गोष्टीला 'हाव जी' म्हणतो आणि करतो मात्र स्वतःच्याच मनाचं. वर्गात दाखवायला एक गोगलगाय मागितली, की हा तलावातून टोपलंभर आणतो. एक मला देतो आणि उरलेल्यांचा घरी रस्सा करतो.

कोकणातल्या सहलीत तर त्यानं हद्दच केली. मुली ओहोटीच्या पाण्यात अनवाणी खेळत होत्या आणि हा जेवणाच्या डब्यात एक नक्षीदार शंख घेऊन निघाला होता. आतली समुद्री गोगलगाय जिवंत होती! ती विषारी दात भाल्यासारखा मारते. मासा जागीच गार होतो, माणसाच्याही जिवावर बेततं.

"भाऊ, हा काय तुमचा तलाव आहे? दिसलं की उचलायचं आणि शिजवायचं?"

"हाव जी."

"जीव गेला असता तुमचा!"

"हाव जी."

मी बोलतच राहिले. तो खडकांपलीकडे गेला आणि रिकामा डबा घेऊन परतला.

निघताना तिथला एक कोळी मला म्हणाला, त्या शंखाला हात लावू नको, विषारी आहे, असं त्यानं आमच्या माणसाला आधीच बजावलं होतं. तर 'पोरी अनवाणी हायेत' म्हणत यानं डब्यातला भात वाळूत ओतला आणि दोन काड्यांनी शंख उचलून आत टाकला.

बसमध्ये मी वैतागून विचारलं, "मग मला का नाही सांगितलंत?"

तो उपाशीपोटी डबा पुसत होता.

"तुमी बोलून राहिल्या होत्या जी."