ओट्यावरची वर्तुळं

बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये आम्ही पांढऱ्या संगमरवराचा ओटा करून घेतला, तेव्हा आम्हा नवराबायकोला कॉम्प्युटर कंपन्यांत नोकऱ्या होत्या आणि अक्कल नव्हती. सासरे एकदाच म्हणाले, "ओट्याला कडाप्पाच बरा." सासूबाई गेल्यावर ते सदाशिव पेठेतली खोली सोडून आमच्याकडे आले होते. त्यांना यातलं काय कळतंय, असं मी मनात म्हटलं.

दगडवाल्याने सीलर लावून दिला. वर बजावलं, "हळदीचा डाग आत मुरणार नाही. पण आंबट सांडू देऊ नका. ते पॉलिश खातं, तिथे सीलरचं काही चालत नाही." मी लगेच कायदे केले. लिंबू पाटावर कापायचं, आमसूल वाटीतच भिजवायचं, थेंब पडला तर तिथल्या तिथे पुसायचा.

तरीही थोड्याच दिवसांत ओट्यावर निस्तेज वर्तुळं उमटली. पुसून जाईनात, बोट फिरवलं की खरखरीत लागायची. माझा संशय सरळ स्वयंपाकाच्या मावशींवर. बरणीतली चिंचही भराभर संपत होती. म्हणजे घरीसुद्धा नेत असणार! संध्याकाळी कामावरून आले की पर्स खांद्यावर असतानाच मी वाकून ओटा तिरक्या उजेडात बघायची.

"ताई, मी तर लिंबूसुद्धा बेसिनवर पिळते," मावशी म्हणाल्या.

इतकं तयार उत्तर? मला ते आणखीच खटकलं. त्या दिवशी जेवताना मी जाहीर केलं, पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या बाई बघायच्या. सासरे मान खाली घालून भात कालवत राहिले.

मावशींना रंगेहाथ पकडायचं म्हणून एका गुरुवारी मी दुपारीच घरी आले. त्या केव्हाच गेल्या होत्या. ओट्यापाशी सासरे होते. देवाचं ताम्हन आणि तांब्या चिंचेने लख्ख घासून त्यांनी ओट्यावरच पालथे घातले होते. कडेने आंबट पाणी ओघळत होतं. मला पाहताच त्यांनी चिंचेचा गोळा मुठीत धरला आणि हात पाठीमागे नेला. सत्तरी उलटलेला माणूस.

"तुझी सासू दर गुरुवारी घासायची," ते म्हणाले. "मावशींना काढू नकोस गं. सांगणारच होतो. पण घर तुमचं. वाटलं, त्यांना काढायला निघालीस, मग मला कुठे पाठवशील?"

मला फार लागलं ते. एवढ्याशा दगडापायी हा माणूस आपल्या मुलाच्या घरात मला भिऊन राहत होता.

मावशी राहिल्या, वर्तुळंही राहिली. भांडी आम्ही बेसिनमध्ये घासू लागलो आणि गुरुवारची चिंच मी भिजत घालू लागले. संशय मात्र माझा गेला नाही. "बाबा, अजून थोडा चहा टाकू?" असं विचारलं की ते म्हणायचे, "नको गं, मला काही नको." त्यावर मी पुन्हा कधी विश्वास ठेवला नाही. चहा टाकायची. ते तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायचे.