वस्तऱ्याला धार लागली

घरात विसरण्याचा आजार झालेलं माणूस सांभाळणाऱ्यांना एक विचारायचं आहे, म्हणून दाढीचं सामान तसंच ठेवून लिहायला बसलोय.

आमचे आप्पा दौंडला रेल्वेत होते. दाढी कायम वस्तऱ्यानेच, दर रविवारी क्वार्टरवर येणाऱ्या गणपतमामांकडून. मामा वारले. आप्पा दुसरा कुठला रेझर गालाला लावू देत नाहीत, म्हणून मी स्वस्तातला एक वस्तरा मागवला.

त्याला धारच नव्हती. गेल्या रविवारी केस ओढले गेले तसे आप्पा ओरडले, "सुन्या, गवत उपटतो का रं?" घरात सगळे हसले. मला रडू आलं. किती महिन्यांनी त्यांच्या तोंडी माझं नाव आलं होतं!

पण त्यांना दुखलं, हे मनात राहिलं. आठवडाभर रोज पाठ आणि धार दोन्ही टेकवून वस्तरा दगडावर घासला, मग चामड्याच्या पट्ट्यावर फिरवला. आज मनगटावरचे केस अलगद उतरले.

आप्पांनी डोळे मिटून गाल पुढे केला. अर्धी दाढी झाल्यावर समाधानाने म्हणाले, "गणपत, हात हाय बाबा तुझा. आमच्या सुन्याला कवा जमायचं हे!"

"आप्पा, मीच सुन्या."

"चेष्टा करतो व्हय," म्हणाले आणि दुसरा गाल पुढे केला.

वस्तरा पुसताना वाटलं, पुढच्या रविवारी दगडाला लावूच नये. त्यांना दुखेल, पण ते मला हाक मारतील.

असं वाटणारा मुलगा चांगला असतो का? खरं सांगा.